विन्या, विनोबा, बाबा

डिसेंबर १९२०. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात बॅरिस्टर महंमद अली जीना असहकाराच्या धोरणाविरुद्ध बोलायला उभे राहिले. बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून ‘मिस्टर गांधी’ असा उल्लेख आला आणि मंडपात एकच गलका उसळला. ‘मिस्टर’ नाही, ‘महात्मा’ म्हणा, असा लोकांचा आग्रह होता. मौलाना महंमद अलींचा उल्लेख त्यांनी तसाच ‘मिस्टर’ लावून केला, तेव्हाही तेच झालं. त्या अधिवेशनानंतर जीना काँग्रेसपासून दुरावले ते कायमचे. त्यामागे राजकीय मतभेद होते आणि ते खोल होते. पण त्या दिवशी हजारो लोकांना सगळ्यांत जास्त झोंबलं ते नावाआधीचं एक संबोधन. गांधी दक्षिण आफ्रिकेतून परत येऊन तोवर सहाच वर्षं होत आली होती. एवढ्या थोड्या काळात ‘महात्मा’ ही पदवी नावाला अशी चिकटली की ती वगळून नाव घेणं लोकांना अपमान वाटू लागलं.

या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज. वय एकतीस. त्यांच्याही नावामागे तेव्हा एक पदवी होती, सरकारने दिलेली ‘रायबहादूर’. असहकाराच्या लाटेत १९२१ मध्ये त्यांनी ती परत केली. तिच्या जागी त्यांना हवं होतं ते निराळंच नातं: गांधींनी आपल्याला पाचवा मुलगा मानावं, असं त्यांनी गांधींजवळ मागून घेतलं. आज वर्ध्यात कुणालाही विचारा, जमनालालजी किंवा शेठजी म्हणूनच ते लोकांना माहीत आहेत. ‘रायबहादूर जमनालाल’ हे कानाला परकं वाटतं, चुकल्यासारखं वाटतं. सरकारी शिक्का मारलेली पदवी तीन-चार वर्षांतच पुसली गेली आणि भर मंडपात ओरडून मागितलेली पदवी शंभर वर्षं टिकली. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो आणि तो उलगडायला वर्ध्याइतकं चांगलं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं नाही.

गांधींनी स्वतः वर्ध्याला येऊन राहावं, ही जमनालालजींची इच्छा. ते तेव्हा जमण्यासारखं नव्हतं, म्हणून गांधींनी आपला एक माणूस पाठवला. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यात दाखल झाले, सत्याग्रह आश्रमाची शाखा चालवायला. या विनोबांचं वय होतं पंचवीस. संतांच्या नावाला शोभावा असा ‘बा’ नावात मिरवणारा हा माणूस, मिसरूड फुटून फार काळ न झालेला तरुण होता.

त्यांचं पाळण्यातलं नाव विनायक. विनायक नरहरी भावे, जन्म ११ सप्टेंबर १८९५, कुलाबा जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातलं गागोदे. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला गेले आणि मुलांचं शिक्षण तिथे झालं. आई रुक्मिणीबाई त्याला ‘विन्या’ म्हणायची. याच विन्याने एके दिवशी आईदेखत आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं चुलीत घातली. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतेला उतरला आणि थेट काशी गाठली. काशीत गांधींच्या भाषणाची हकीकत कानावर आली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोचला. प्रमाणपत्रं जाळून आलेल्या या मुलाला एक अशी पदवी मिळायची होती की जी कागदावर नव्हती, त्यामुळे जाळताही येणार नव्हती.

आश्रमात मामा फडके होते. विठ्ठल लक्ष्मण फडके हे त्यांचं पूर्ण नाव. बडोद्याला केशवराव देशपांडे यांच्या गंगनाथ विद्यालयात एक रीत होती: शिक्षकांना नात्याच्या नावांनी हाक मारायची. विद्यालय हे घर, म्हणून शिक्षकांपैकी कुणी काका, कुणी मामा, कुणी अण्णा. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथले काका, फडके तिथले मामा. सरकारी दडपणाखाली विद्यालय बंद पडलं, घर मोडलं, पण नाती माणसांबरोबर चालत गेली. कालेलकर मरेपर्यंत काकासाहेब राहिले. दत्तात्रेय म्हणून त्यांना कोण ओळखतं? अशा घरातून आलेल्या मामांनी या नव्या, अबोल, पहाटे उठून भाजी चिरणाऱ्या आणि संस्कृतात बुडालेल्या पोराला ‘विनोबा’ म्हणायला सुरुवात केली. ज्ञानोबा, तुकोबा, तसा विनोबा. गांधींनीही तेच नाव उचललं. पुढे धाकट्या भावांनाही या प्रत्ययाची लागण झाली. बाळकृष्णाचे बाळकोबा झाले, शिवाजीचे शिवबा. उरुळीकांचनच्या निसर्गोपचार केंद्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते हेच बाळकोबा भावे.

हा ‘बा’ कुठून येतो हे मराठी माणसाला सांगायला नको. खेड्यात आजही बापाला ‘बा’ म्हणतात. विठ्ठलाचा विठोबा, खंडेरायाचा खंडोबा, चोखामेळ्याचा चोखोबा. देव असो की संत, आपण त्याला बाप करून टाकतो आणि हे बापपण नावाच्या पुढे-मागे न ठेवता नावातच कालवतो. विदर्भाच्या मातीत तर याचा तेराव्या शतकातला दाखला आहे. चक्रधरस्वामींच्या मागे महानुभाव पंथाची धुरा ज्यांनी वाहिली ते नागदेव. पंथीय मंडळी त्यांना भटोबास म्हणत. ‘भट’ ही विद्येची ओळख, ‘बा’ हे वडीलपण आणि शेवटी आदराचा ‘स’. तिन्ही मिळून एक नाव झालं आणि त्यात मूळचा नागदेव कुठेच उरला नाही. धवळे रचणाऱ्या महदंबेला तिची माणसं महदाइसा म्हणत, त्या ‘आइसा’तही आई आणि आदर एकजीव झालेले. रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवाजुळव केली तेव्हा त्यांनी माणसांची नावं बोलण्यात होती तशीच लिहून ठेवली. म्हणून सातशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातली माणसं एकमेकांना काय हाक मारत हे आपल्याला ठाऊक आहे.

अशीच हाक हजारो कोस दूर, तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी, ज्यू विद्यापीठांत घुमत होती. तिसऱ्या-चौथ्या शतकातली गोष्ट. बाबिलोनियातले ज्यू आपल्या गुरूला ‘रव’ म्हणत, पॅलेस्टाइनमधले ‘रब्बी’. बाबिलोनियात अब्बा नावाचे एक गुरू होऊन गेले, पुंबदिता इथल्या विद्यापीठाचे प्रमुख. शिष्य त्यांना रव अब्बा म्हणत. घाईघाईत, वादविवादाच्या भरात, रोज शेकडो वेळा हे नाव घेता घेता त्याचं ‘रब्बा’ झालं. त्यांच्यानंतरच्या पिढीत महोझा गावी दुसरे रव अब्बा होते. त्यांचं झालं ‘रावा’. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात ही दोन नावं पानोपानी भेटतात. लिहिताना शेवटच्या एका अक्षराने ती वेगळी ओळखायची, आणि हस्तलिखितांत त्यांची अदलाबदल इतकी वेळा झाली आहे की कुठलं मत कुणाचं यावर पंडित आजही वाद घालतात. रव अविना यांचं राविना झालं, तेही असंच. यात एक गंमत नव्हे, एक फार हृद्य गोष्ट दडलेली आहे: अरामी भाषेत ‘अब्बा’ म्हणजे बाप. हे तिथे माणसाचं नाव असे आणि काही वडीलधाऱ्यांच्या नावाआधी आदराने लावलेलंही असे. म्हणजे ‘रब्बा’ या नावात गुरू आणि बाप दोन्ही मुरलेले आहेत. विनायकात ‘बा’ मुरवणाऱ्या मामा फडक्यांना हे कधी कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पण दोन्हीकडची चाल एकच.

याहून पुढची पायरीही त्याच परंपरेत सापडते. इसवी सन २०० च्या सुमारास मिश्ना या ज्यू धर्मनियमांची संहिता सिद्ध करणारे यहूदा हे आपल्या समाजाचे नासी, म्हणजे प्रमुख. त्यांना नुसतं ‘रब्बी’ म्हटलं जातं. तालमूदात नावाविना ‘रब्बी म्हणाले’ असं आलं की ते यहूदाच. तसंच सुरा विद्यापीठाचे संस्थापक अब्बा अरिखा; त्यांना नुसतं ‘रव’ म्हणतात. इथे पदवीने नावाला गिळून टाकलं. आणि तरीही त्याच लोकांनी एक उलटा क्रम सांगून ठेवला आहे: रवापेक्षा रब्बी मोठा, रब्बीपेक्षा रब्बान मोठा आणि या सगळ्यांपेक्षा मोठं ते नुसतं नाव. कारण हिल्लेल आणि शम्माई या जुन्या गुरूंच्या नावाला कुठलंच बिरुद नाही. ते होऊन गेले तेव्हा अशी बिरुदं रूढच झाली नव्हती, आणि नंतर ती लावायची कुणाला गरज वाटली नाही.

पदवी नावात शिरण्याच्या वाटा अनेक. जेरूसलेमचं मंदिर इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, पुरोहितांचं काम थांबलं, पण ‘कोहेन’, म्हणजे पुरोहित, हे घराण्याच्या नावात राहिलं. हिब्रू बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला शेवटचा मलाखीचा. ‘मलाखी’ म्हणजे ‘माझा दूत’. हे माणसाचं नाव की त्याच्या कामाचं, हा प्रश्न प्राचीन काळापासून पडलेला आहे; जुन्या ग्रीक भाषांतराने तर त्याला नाव न मानता ‘त्याचा दूत’ असंच भाषांतर केलं. आणि जगभर गाजलेलं उदाहरण येशूचं. ‘मशीहा’ म्हणजे अभिषेक झालेला, ही यहुदी धर्मातली पदवी. ग्रीकमध्ये ती ख्रिस्त झाली आणि येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेल्या पौलाच्या पत्रांत ती जवळजवळ नावासारखी येते. आपण ‘येशू ख्रिस्त’ म्हणतो तेव्हा ते आडनावच वाटतं.

ज्यू आणि मराठी या दोन्ही वाटा एकाच घरात पाहायच्या तर कोकणातल्या बेने इस्राएल समाजाकडे वळावं लागतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी बायबलातल्या नावांना मराठी ‘जी’ जोडला: इसाजी, अबाजी, मुसाजी. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये बांधलं ते सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी; समाजात ते सामाजी हसाजी दिवेकर. सॅम्युएलचे सामाजी, इझिकेलचे हसाजी. आदराचा ‘जी’ नावात इतका विरघळला की मूळ हिब्रू नाव शोधून काढावं लागतं. त्यांच्यात धर्मकार्य बघणारे काजी असत. हा शब्द मुसलमानी राज्यकारभारातून आलेला. पुढे ‘काजी’ हा त्या घराण्यांच्या ओळखीचा भाग झाला. एका ज्यू घराण्याने इस्लामी न्यायाधीशाची पदवी मराठी मुलखात नावासारखी वागवावी, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोकळं, सर्वांत आपलं उदाहरण वाटतं.

आता पुन्हा वर्ध्याकडे. १९३० मध्ये स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं म्हणून बाहेर पडलेले गांधी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला गेले. पुढच्या काही वर्षांत या लहानशा गावात आणि वर्धा शहरात नात्यांच्या नावांचा असा मेळा भरला की परक्या माणसाला ते एक मोठं एकत्र कुटुंब वाटावं. बापू. काकासाहेब कालेलकर. बजाजवाडीत राहणारे दादा, म्हणजे शंकर त्र्यंबक धर्माधिकारी. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड, जिचं नाव गांधींनी मीरा ठेवलं आणि जी सगळ्यांची मीराबेन झाली.

आणि बा. कस्तुर कापडिया हे माहेरचं नाव. लग्नानंतर कस्तुरबाई, आश्रमात कस्तुरबा आणि शेवटी नुसत्याच बा. गुजरातीत ‘बा’ म्हणजे आई. सेवाग्रामच्या आश्रमात एका झोपडीला बा कुटी म्हणतात, दुसरीला बापू कुटी. मराठी पाहुण्याला ‘बा’ ऐकून बाप आठवावा, गुजराती पाहुण्याला आई. पाच-सात किलोमीटरवर पवनारला विनोबा, इथे कस्तुरबा. दोन्ही नावांच्या शेवटी तोच ‘बा’, एकीकडे पित्याचा, एकीकडे मातेचा. त्या आवारात उभं राहून मी हा विचार करतो तेव्हा त्या दोन भाषांच्या माणसांनी एकमेकांना किती सहज आपलंसं केलं, याने मन भरून येतं.

गावाचंही नाव याच काळात बदललं. शेगाव म्हटलं की टपाल बुलढाण्याकडच्या गजानन महाराजांच्या शेगावला जाई. म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव आलं. माणसांची नावं सेवेतून घडत होती. गावाने तर सेवाच नावात घेतली. १९३६ मध्ये याच आश्रमात तुकडोजी महाराज येऊन राहून गेले. यावलीचे माणिक बंडोजी. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटलं आणि लोकांनी त्याला ‘जी’ लावून तुकडोजी केलं. भाकरीच्या तुकड्याचं नाव आणि त्यावर आदराचा प्रत्यय. पुढे राष्ट्रसंत ही पदवी आली आणि तीही आता नावाच्या आधी न चुकता येते. गाडगेबाबांचं तसंच: डेबूजी झिंगराजी जानोरकर हे नाव त्यांच्या हातातल्या गाडग्याआड कायमचं गेलं.

गांधींना मात्र ‘महात्मा’ नको होतं. आत्मकथेच्या प्रस्तावनेतच त्यांनी सांगितलं आहे की या पदवीने त्यांना अनेकदा दुःख दिलं. नागपूरच्या मंडपातला गलका हे त्या दुःखाचं एक कारण असू शकतं, कारण पदवी जिथे लादली जाते तिथे ती दुसऱ्याला मारायची काठी होते. ‘बापू’ला त्यांनी कधी अशी हरकत घेतली नाही. फरक कुठे आहे? ‘महात्मा’ सभेत म्हटलं जाई. ‘बापू’ चुलीपाशी, चरख्यापाशी, संडास साफ करताना, आजाऱ्याच्या उशाशी म्हटलं जाई. पुंबदितातल्या शिष्यांनी रव अब्बांना रब्बा केलं तेही सभेत नव्हे, रोजच्या पाठात. माझं म्हणणं एवढंच आहे की पदवी नावात उतरते ती रोजच्या हाकेतून. ज्यांना रोज त्या माणसाशी काम असतं, तेच ते ठरवतात. सरकार, अधिवेशन, विद्यापीठ यांच्या हातात ते नसतं. रायबहादूर टिकलं नाही, कारण वर्ध्यात घरीदारी, पेढीवर किंवा मंदिरात शेठजींना कुणी ‘रायबहादूर, जरा इकडे या’ असं म्हणत नव्हतं. १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं तेव्हा आत शिरणाऱ्यांच्या तोंडी असेल ते नाव जमनालालजींचं.

पण पदवी नावात उतरली की एक नवी अडचण उभी राहते. तिचा आदर झिजतो. विनोबांच्या नावात ‘बा’ आहेच, तरी लोकांनी पुढे ‘आचार्य’ लावलं आणि मागे ‘जी’: आचार्य विनोबाजी. एका माणसावर तीन बिरुदं, कारण मधलं बिरुद कुणाला बिरुद वाटेनासं झालं. मराठवाड्यात ज्ञानोबा हे आजही मुलाचं नाव ठेवतात. वर्गात गुरुजी ‘ज्ञानोबा, खाली बस’ म्हणतात तेव्हा त्या ‘बा’त बाप उरलेला नसतो, क्रियापद तसं स्पष्ट सांगतं. विनोबांच्या बाबतीत मराठी अजून सावध आहे. ‘विनोबा आला’ असं आपण म्हणू शकत नाही. ‘विनोबा आले’ म्हणावंच लागतं. नावातला आदर विटला तरी क्रियापदाने तो धरून ठेवला आहे.

विनोबांनी स्वतः यावर एक वाट काढली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला ते वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही झाले आणि देशभर नाव झालं. मग १९५१ च्या मार्चमध्ये ते वर्ध्याहून पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदान सुरू झालं. त्यानंतर गावोगाव चालत, रोज नव्या मुक्कामी नव्या माणसांसमोर बोलत ते तेरा वर्षं फिरले आणि १९६४ मध्ये पवनारला परतले. या यात्रेत ते स्वतःबद्दल बोलताना ‘मी’ फार कमी म्हणत. ‘बाबा’ म्हणत. बाबाला असं वाटतं, बाबाने हे पाहिलं. लोक त्यांना बाबा म्हणत होते, तेच त्यांनी स्वतःलाही लावून घेतलं. १९५९ मध्ये पवनारला धाम नदीकाठी त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं; तिथल्या भगिनींच्या तोंडीही बाबाच. ‘विनोबा’मधला ‘बा’ नाव होऊन गेला होता. ‘बाबा’मध्ये तो पुन्हा हाक होऊन परत आला. म्हाताऱ्या माणसाने स्वतःचं नाव खाली ठेवून लोकांनी दिलेल्या नात्यातच बोलावं, हे मला त्यांच्या गीताईइतकंच, त्यांनी मराठीत आणलेल्या गीतेइतकंच, मोठं वाटतं.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न मिळालं. कुणीही त्यांना भारतरत्न म्हणून हाक मारत नाही. १९९२ मध्ये हजारीबागला विनोबा भावे विद्यापीठ स्थापन झालं. तिथल्या प्रमाणपत्रांवर विनायक नाही, विनोबा आहे, जिथे माणसाचं पहिलं नाव लिहितात तिथेच. आणि हिंदी मुलखातली पोरं त्यांच्याविषयी आदराने बोलायचं झालं की आधी संत म्हणतात आणि मग विनोबा.